झरी जामणीचा कोळसा आणि मामाची नोकरी

मागच्या शुक्रवारी रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला. एवढ्या उशिरा तो कधी करत नाही, म्हणून आधी छातीत धस्स झालं. पण कोणी आजारी वगैरे नव्हतं.

"दादा, कंपनीचे मानसं पुन्हा येऊन गेले. वावराबद्दल इचारून राहिले. बाबा काई बोलत नाही, नुसते बसून राहते. तू शिकलेला आहे, तूच सांग. इकून टाकू का?"

वावर म्हणजे मुकुटबनजवळची चार एकर जमीन. तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ. मी म्हटलं, "दोन दिवस दे, वाचून सांगतो." आता मी मेकॅनिकलचा इंजिनीअर, म्हणजे हिंजवडीत बसून कोडिंग करणारा मेकॅनिकल इंजिनीअर (आमच्या बॅचचे निम्मे असेच आहेत). शेतीतलं मला शून्य कळतं. पण कागदपत्रं आणि आकडे वाचता येतात. शनिवार-रविवार त्यातच गेला. सोमवारी ऑफिसात डोळे लाल होते, ते यामुळे.

आधी थोडं घरचं सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. ही चार एकर आमची मूळची नाहीच. आजोबांची शेती वणी तालुक्यात होती. १९८४ साली ती खाणीत गेली. त्या बदल्यात पैसे मिळाले आणि घरातल्या एकाला नोकरी. नोकरी मामाला लागली, पैशातून आजोबांनी मुकुटबनकडे ही जमीन घेतली. "इथं लोक जंगलाला भेतात, म्हणून स्वस्त भेटली," असं ते सांगायचे. चाळीस वर्षांनी कोळसा तिथंही पोचला. म्हणजे एकाच घराकडे खाण दुसऱ्यांदा आली आहे. तेव्हा जे झालं तेच आता होईल का, एवढाच खरा प्रश्न होता.

झरी जामणी कुठे आहे हे पुण्यात कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे थोडा भूगोल. यवतमाळ जिल्ह्याचं दक्षिण टोक. खाली पैनगंगा, पलीकडे तेलंगण. बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते, पोडावर गेलात तर कोलामी आणि गोंडी. कापूस, तूर, सोयाबीन. आणि या सगळ्याच्या खाली कोळसा.

महाराष्ट्रात कोळसा फक्त विदर्भात सापडतो, आणि त्यातही पूर्वेकडे. बाकी राज्यावर लाव्हाचा जाड थर आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोळसा त्याच्या कितीतरी आधीचा, गोंडवनाच्या खडकांमधला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. जिथे लाव्हा पोचला नाही किंवा पातळ राहिला, तिथेच हे खडक हाताशी लागतात. वर्धा नदीच्या दोन्ही काठांनी असा एक लांबट पट्टा आहे. पूर्वेला वरोरा, भद्रावती, घुग्घुस, बल्लारपूर. पश्चिमेला वणी, आणि तिथून खाली झरी जामणी. भूगर्भशास्त्रवाले याला वर्धा खोऱ्याचं कोळसाक्षेत्र म्हणतात. कोळसा कोकिंगचा नाही, म्हणजे पोलादाच्या मोठ्या भट्टीला तो चालत नाही. पण बॉयलरला उत्तम चालतो. थर मात्र दांडगा, काही ठिकाणी पंधरा मीटरच्या वर. एक खोडही आहे: हवा लागली की तो आपोआप तापतो आणि पेट घेतो.

आता इतिहास. वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं. पण बाबा आमटे तिथे जायच्या पाऊणशे वर्षं आधी वरोरा कोळशासाठी प्रसिद्ध होतं. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तिच्या इंजिनांना कोळसा हवा होता, आणि तो बंगालहून किंवा थेट इंग्लंडहून आणणं महाग होतं. १८७१ मध्ये सरकारने वरोऱ्याला स्वतः खाण सुरू केली. स्वतः म्हणजे कंपनीला वगैरे न देता सरकारी खाण. मग वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा टाकला. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईऐवजी नागपुरात काढली, त्यामागे कापूस, रेल्वे, पाणी आणि जवळचं इंधन असा हिशेब होता. त्याच वर्षी सरकारी भूगर्भ खात्यातल्या ह्यूज नावाच्या साहेबाचा वर्धा खोऱ्याच्या कोळशावरचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. म्हणजे या पट्ट्यात कोळसा आहे हे सरकारला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. आमच्या आजोबांना १९८४ मध्ये कळलं :-)

१९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद झाली. पस्तीस वर्षं. एका माणसाच्या नोकरीएवढं आयुष्य. मग सगळं लक्ष बल्लारपूरकडे गेलं आणि वरोरा मागे पडलं. पण गंमत अशी की त्याच वरोरा तालुक्यात आज एकोना नावाची मोठी उघडी खाण चालू आहे. म्हणजे १९०६ मध्ये खाण संपली होती, कोळसा संपला नव्हता. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढे ते पुन्हा पुन्हा उपयोगी पडलं.

नदीच्या आपल्या बाजूला गोष्ट उशिरा सुरू झाली. वणी तेव्हा वऱ्हाडात. यवतमाळ जिल्ह्याचं नावच १९०५ पर्यंत वणी जिल्हा होतं. इथली जुनी खाण म्हणजे राजूर. वणीपासून जवळच. चुन्याच्या भट्ट्यांसाठीही प्रसिद्ध. आजही लोक नुसतं राजूर म्हणत नाहीत, "राजूर कॉलरी" म्हणतात. खाजगी मालक आणि जमिनीखालची खाण. कामाला छत्तीसगडचे, तेलंगणाचे, उत्तर प्रदेशचे लोक. गावाजवळ धौडे बसले, दुकानं आली. आसपासचा कुणबी मात्र आधी खाणीत उतरायला तयार नसे.

जमिनीखालची खाण चालते कशी, हे मला मामाने सांगितलं होतं. नोकरीची पहिली काही वर्षं तो अशाच एका खाणीत लोडर होता. उतरत्या बोगद्यातून खाली जायचं, डोक्यावर दिवा, कमरेला बॅटरी. कोळशात आडवे-उभे रस्ते कापत जायचं आणि मधे चौकोनी खांब सोडायचे. वरचं छत त्या खांबांवर उभं. शॉटफायरर भोकं भरून सुरुंग उडवतो. धूर बसला की सरदार छताला काठी ठोकून आवाज ऐकतो. खणखणीत वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर लाकडाचा टेकू. मग लोडर टोपल्याने टबमध्ये कोळसा भरतो. जितके टब तितकी मजुरी. मामा म्हणायचा, "छत बोलते. ऐकू आलं पायजे फक्त." आम्ही पोरं हसायचो. "काला पत्थर" पाहिल्यावर हसणं बंद झालं.

या पद्धतीत बराच कोळसा खांबांच्या रूपाने खालीच राहतो. आणि माणसं भरपूर लागतात. या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

१९७३ साली देशातल्या बिगर-कोकिंग खाणी सरकारने ताब्यात घेतल्या आणि १ मे १९७३ पासून त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. कोकिंगच्या त्याआधीच झाल्या होत्या. कारणं खरी होती. बरेच खाजगी मालक वरचा सोपा कोळसा ओरबाडून घेत होते, सुरक्षेवर खर्च करत नव्हते, मजुरीही बुडवत होते. १९७५ मध्ये कोल इंडिया आली आणि तिच्या पोटात नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली वेकोलि. मजुरी वेतन कराराने ठरू लागली. क्वार्टर, दवाखाना, पीएफ, पेन्शन. ज्या खाणीत उतरायला कुणबी तयार नव्हता, तिथल्या नोकरीसाठी आता लग्नाच्या बाजारात वजन आलं. "मुलगा वेकोलित आहे" हे वाक्य वणीत अजूनही "मुलगा पुण्यात आयटीत आहे" याच्यापेक्षा जड आहे. मी स्वतः अनुभवलंय, तपशील विचारू नका.

त्याच काळात विजेची भूक वाढली. कोराडी, मग चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र. चंद्रपूरची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. एवढा कोळसा टोपल्याने भरून पुरणार नव्हता. म्हणून उघड्या खाणी आल्या. वरची माती आणि खडक काढून टाकायचे आणि थर उघडा पाडून शॉव्हेलने डंपरमध्ये भरायचा. खांब सोडायची गरज नाही, म्हणून जवळजवळ सगळा कोळसा निघतो. पण जमीन लागते, आणि ती प्रचंड लागते. वेकोलित एका टन कोळशासाठी चारपाच घनमीटर माती-दगड हलवावे लागतात. वणीहून घुग्घुसकडे जाताना जे सपाट माथ्याचे डोंगर दिसतात ते डोंगर नाहीत, ती हीच माती. लहानपणी मला ते खरे वाटायचे.

ही जमीन सरकार घेतं कशी? १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याने. विकायची की नाही हा प्रश्नच नसतो, अधिसूचना निघते. मग मोबदला, आणि वर नोकरी. कोल इंडियाच्या अलीकडच्या धोरणात साधारण दोन एकराला एक नोकरी असं सूत्र आहे. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने आनंदाने सातबारा दिला तो या नोकरीसाठी, पैशासाठी नव्हे. आजोबांनीही तेच केलं. मामा पहिल्यांदा पगार घेऊन आला तेव्हा आजीने तो देवापुढे ठेवला होता, म्हणे. त्या पगारावर माझ्या आईचं लग्न झालं, दोन मावश्यांची झाली, आणि माझ्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची फीसुद्धा मामानेच भरली. तेव्हा खाणीबद्दल उगाच गळे काढण्याचा मला तरी अधिकार नाही. मी तिचंच खाल्लंय.

आता आकडे, ज्यांच्यासाठी मी रात्र जागवली. २००१-०२ मध्ये कोल इंडियाने सुमारे २८ कोटी टन कोळसा काढला. तेव्हा तिच्याकडे साधारण पाच लाख माणसं होती. २०२४-२५ मध्ये कोळसा ७८ कोटी टन, आणि माणसं सव्वादोन लाखांच्या आसपास. कोळसा पावणेतीन पट, माणसं निम्म्याहून कमी. भागाकार तुम्हीच करा. एका माणसामागे कोळसा सहा पटींहून जास्त झाला. अर्थात यात एक मेख आहे. उघड्या खाणीत माती हलवण्याचं बरंचसं काम आता ठेकेदाराकडे असतं, आणि त्याचे ड्रायव्हर-ऑपरेटर या यादीत मोजले जात नाहीत. म्हणजे काही माणसं कमी झाली आणि काही नुसती यादीबाहेर गेली. यादीबाहेर गेलेल्याला क्वार्टर नाही, आणि वेतन कराराची पगारवाढही नाही.

म्हणून "कोळसा उद्योगाचा ऱ्हास" असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कशाचा? टनांचा नाही. देशाने २०२४-२५ मध्ये पहिल्यांदाच शंभर कोटी टनांचा आकडा ओलांडला. ऱ्हास झाला तो टबाचा, धौड्याचा, हजेरीबाबूचा, मामासारख्या लोडरचा. जमिनीखालच्या खाणी तोट्यात जात एकेक करून बंद झाल्या. वेकोलिचा नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा आता उघड्या खाणींतून येतो. आणि बंद झालेल्या जुन्या खाणींच्या खांबांमध्ये कोळसा अजून तसाच उभा आहे. माझं वहीतलं वाक्य: खाण संपली, कोळसा संपला नाही.

आता झरी जामणी. इथली गोष्ट आणखी वेगळी, कारण इथे कोळसा जमिनीतून यायच्या आधी कागदावर आला. १९९३ मध्ये राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वीज, पोलाद अशा उद्योगांना स्वतःच्या वापरासाठी कोळशाचे ब्लॉक मिळू लागले. लिलाव नाही, एक छाननी समिती ठरवायची. मुकुटबनजवळच्या मार्की आणि मांगली या दोन गावांच्या नावाने चार ब्लॉक पडले: मार्की-मांगली १, २, ३, ४. आणखी एक मार्की-झरी-जामणी-अडकोली नावाचा, तो राज्य खनिकर्म महामंडळाकडे गेला. ज्या तालुक्याचं नाव पुण्यात कोणाला माहीत नाही, ते दिल्लीच्या फायलींमध्ये असं जाऊन बसलं.

पुढचं तुम्हाला बातम्यांमधून आठवत असेल. ऑगस्ट २०१२ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला, एक लाख शहाऐंशी हजार कोटींचा तो प्रसिद्ध आकडा घेऊन. २५ ऑगस्ट २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनची वाटपं बेकायदेशीर ठरवली आणि २४ सप्टेंबरला २१८ पैकी २१४ रद्द केली. ज्या खाणी चालू होत्या त्यांना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत, आणि तोवर काढलेल्या प्रत्येक टनामागे २९५ रुपये दंड. मी तेव्हा दहावी-बारावीच्या गडबडीत होतो. घरी टीव्हीवर "घोटाळा, घोटाळा" चालू असायचं. त्या यादीत आपल्या मामाच्या गावाशेजारची नावं आहेत हे मला या शनिवारी कळलं.

निकाल योग्य होता, यात मला शंका नाही. फुकट वाटलेली गोष्ट परत घेतली. पण खाणीच्या तोंडाशी चहाची टपरी टाकणाऱ्याला, हप्त्यावर टिप्पर घेणाऱ्याला या निकालात बाजूच नव्हती. भद्रावतीजवळची बरांज खाण याच निकालाने बंद पडली आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. मधली वर्षं तिथल्या लोकांनी कशी काढली, याचा हिशेब कुठल्याच आदेशात नसतो. २०१५ च्या लिलावात मार्की-मांगली १ टॉपवर्थ ऊर्जाला आणि ३ बी. एस. इस्पातला मिळाली. २०२० मध्ये केंद्राने कोळसा खुल्या विक्रीसाठी खाजगी कंपन्यांना द्यायला सुरुवात केली. त्या पहिल्या फेरीत १९ खाणी गेल्या, त्यात मार्की-मांगली २ होती. याझदानी इंटरनॅशनलने महसुलातला ३०.७५ टक्के वाटा सरकारला द्यायची बोली लावली होती. १९७३ मध्ये खाजगी मालकांकडून घेतलेलं दार सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा उघडलं. त्यातच २०२२ पासून मुकुटबनला मोठा सिमेंट कारखाना चालू झालाय. एकूण तालुका गजबजलाय. रस्त्यावर ट्रकच ट्रक, आणि कापसावर धूळ.

तर आता मामेभावाचा प्रश्न. वरचं सगळं वाचून मला जे कळलं ते असं.

१८७१ मध्ये खाण सरकारची होती, मग खाजगी, मग १९७३ ला सरकारची, मग १९९३ ला थोडी खाजगी, २०१४ ला रद्द, २०२० ला पुन्हा खाजगी. मालक बदलत राहिले. कोळसा खाली शांत पडून आहे. पण प्रत्येक वेळी एका एकरामागे गावाला जे मिळतं ते बदललं. आजोबांना जमिनीच्या बदल्यात मिळाली एका माणसाची अडतीस वर्षांची नोकरी, आणि त्यामागे उभा असलेला वेतन करार. मामा २०२२ मध्ये निवृत्त झाला, पेन्शनसह. आज खाजगी कंपनी जमीन सरळ खरेदीखताने घेते तेव्हा ती देते एकरकमी पैसे, आणि तोंडी आश्वासन: "पोराला लावून घेऊ." कशावर? ठेकेदाराकडे डंपरवर. बारा महिन्यांच्या करारावर. ब्लॉक पुन्हा रद्द झाला तर? कंपनी बुडाली तर? खाण वीस वर्षांत आटोपली तर? बंद करण्याचा आराखडा २००९ पासून सक्तीचा आहे, खड्डा भरून जमीन सारखी करायची असते. पण भरलेल्या मातीत कापूस कधी येईल, हे आराखड्यात वाचून मला तरी समजलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी त्याला फोन लावला. म्हटलं, आजोबांनी जमीन दिली नव्हती, जमिनीच्या बदल्यात नोकरी घेतली होती. तुला तो सौदा कोणी देतच नाहीये. तू फक्त विकतोयस. विकायचीच असेल तर विक्री म्हणून नीट कर. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाच्या किती पट मोबदला आणि काय पुनर्वसन मिळतं ते आधी बघ, त्याच्या खाली उतरू नको. नोकरी म्हणत असतील तर कोणाकडे, किती वर्षं, हे स्टॅम्पपेपरवर. शेजारच्या कोलामांच्या जमिनींना वेगळं संरक्षण आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्यांचा व्यवहार होत नाही. त्यांना सोबत घेऊन ग्रामसभेत बोला, एकेकटे सह्या करू नका. आणि आलेले पैसे गाडीत घालू नको (आमच्या भागात मोबदल्याच्या पैशाची पहिली बोलेरो येते, दुसऱ्या वर्षी ती हप्त्यावर असते).

तो बराच वेळ ऐकत होता. मागून मामाचा खोकला ऐकू येत होता. मग मामाने फोन घेतला. "त्याला सांग, म्या वावर देल्लं नवतं, माह्या बापानं देल्लं होतं. मले नोकरी भेटली. त्याले इचार, त्याच्या पोराले का भेटन?" एवढंच बोलून फोन परत दिला. मी दोन रात्री वाचून जे काढलं ते मामाला आधीच ठाऊक होतं. उगाच गप्प बसला नव्हता तो.

शेवटी मामेभाऊ म्हणाला, "बरं दादा, एक सांग. तिकडं तुमच्यात पण मशीनच काम करून राहिली म्हणते. तुही नोकरी किती दिवसाची?"

मागच्या वर्षी आमच्या टीमने एका क्लायंटचं काम ऑटोमेट केलं. आधी चौदा जण होतो. आता पाच आहोत. काम दुप्पट झालंय, आणि अप्रेजलमध्ये त्याचं कौतुकही झालं.

मी म्हटलं, "जमिनीची सही आत्ताच करू नको. दिवाळीला येतो, तेव्हा बसून बोलू."